पुढे गर्दी आहे

श्यामला गायधनीला गप्प कसं बसवायचं हे तिच्या अख्ख्या नोकरीत कोणाला जमलं नाही, आणि प्रयत्न करणाऱ्यांची काही कमी नव्हती. एका मोठ्या शहराच्या गजबजलेल्या विमानतळावर ती हवाई वाहतूक नियंत्रक होती. म्हणजे अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि चहूबाजूंनी येणाऱ्या विमानांना एकामागे एक रांगेत लावून खाली उतरवायचं. निवृत्तीला काही वर्षं उरलेली असताना तिने स्वेच्छेने नोकरी सोडली, कारण त्र्यंबकेश्वरला एकटे राहणारे तिचे वडील जिना चढताना धापा टाकायला लागले होते. नाशकात इंदिरानगरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन बापलेक राहू लागले. शेजारणींना वाटलं, बाई आता भिशी लावेल, सकाळी हास्यक्लबात येईल. बाईने अंबडमध्ये नोकरी धरली आणि रोज सकाळी स्कूटरला किक मारून एमआयडीसीत जायला लागली.

नोकरीही कसली, तर जे काम तिने जन्मभर केलं ते यंत्राला शिकवायची. गौरांग नावाच्या एका तरुणाने अंबडच्या एका जुन्या शेडमध्ये कंपनी काढली होती. तो कळवणच्या शाळामास्तरांचा मुलगा. हुशार, कष्टाळू, आणि स्वतःच्या कंपनीबद्दल बोलायला लागला की समोरचा चहा गार करणारा. त्याचं यंत्र विमानतळाभोवतीच्या सगळ्या विमानांकडे एकाच वेळी बघायचं, त्यांची रांग लावायचं आणि वैमानिकांशी स्वतः बोलायचं. माणसाने फक्त बाजूला बसून लक्ष ठेवायचं. हे कळल्यावर श्यामलाच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गदारोळ उठला. कोणी लिहिलं, ज्या ताटात जेवली त्याच ताटाला भोक पाडते आहे. कोणी नुसतेच हात जोडल्याची चित्रं पाठवली. श्यामलाने एकच उत्तर दिलं आणि ग्रुप सोडला. तिने लिहिलं होतं, "मंत्र्याचा फोन आला म्हणून हे यंत्र खुर्चीवरून उठून उभं राहत नाही. मला जन्मभर असाच सहकारी पाहिजे होता."

त्या उत्तरामागे तिचे वडील होते, म्हणून त्यांची ओळख आधी करून द्यायला हवी.

बाळाजी गायधनी, घरात आणि गल्लीत अण्णा, त्र्यंबकचे पुरोहित. त्यांच्याकडे विधीसाठी लांबलांबचे यजमान यायचे आणि त्यांच्याच घरी उतरायचे. थंडीच्या दिवसांत कुशावर्तात डुबकी मारून माणसं कुडकुडत परत यायची आणि सगळ्यांना एकदम गरम पाणी हवं असायचं. घरात बंब एकच. तेव्हा अण्णांनी अंगणात जास्वंदीपासून खांबापर्यंत एक दोरी बांधली होती. जो आधी येईल त्याने आपला पंचा दोरीवर टाकायचा, त्याच्यानंतरच्याने त्याच्या मागे. दोरीवर जो क्रम, तोच बंबाचा क्रम. शेतकरी असो की साखर कारखान्याचा अध्यक्ष, दोरीला ते कळत नसे.

पण अण्णा आडमुठे नव्हते. एखादी म्हातारी थंडीने निळी पडली, एखादं पोर तापाने फणफणलं, तर अण्णा स्वतः उठून त्यांचा पंचा पहिल्या जागी आणून टाकत. फक्त तसं करताना ते अंगणाच्या मधोमध उभे राहून मोठ्याने सांगत, "ह्या बाईंचं पोर तापलंय. ते आधी. बाकीच्यांनी थोडं थांबा." आणि बाकीचे थांबत. एकाही माणसाने कधी कुरकुर केली नाही, हे श्यामलाने लहानपणी पायरीवर बसून शंभरदा पाहिलं होतं.

एकदा कोणी बडे अधिकारी कुटुंबासह आले. त्यांच्या शिपायाने साहेबांचा टॉवेल हळूच उचलून दोरीच्या पहिल्या टोकाला नेऊन टाकला. अण्णांनी ते पाहिलं. ते रागावले नाहीत, ओरडलेही नाहीत. नेहमीसारखे अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "हे साहेब आहेत, म्हणून ते आधी. बाकीच्यांनी थोडं थांबा." अंगणातली सगळी माणसं साहेबांकडे बघायला लागली. साहेबांनी स्वतःच्या हाताने टॉवेल उचलला आणि जिथे होता तिथे परत नेऊन ठेवला.

श्यामला नोकरीला लागली तेव्हा तिला वाटलं, हे आपल्याच अंगणातलं काम आहे. तिथेही प्रत्येक विमानाची, त्याचं नाव लिहिलेली एक पट्टी असायची आणि त्या पट्ट्या क्रमाने लावून ठेवायच्या असत. कोणाचं इंजिन बिघडलं, कोणात आजारी माणूस आहे, कोणाचं इंधन संपत आलंय, तर त्याची पट्टी पुढे घ्यायची. देशाच्या अगदी वरच्या चार-दोन पदांसाठी पुढे घ्यायचा लेखी नियमही होता, त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यापलीकडे एक न लिहिलेला नियम होता. कोणातरी पुढाऱ्याचं, कोणातरी उद्योगपतीचं खासगी विमान यायचं, वरिष्ठांचा फोन वाजायचा आणि त्याची पट्टी गुपचूप वर सरकायची. मागची भरलेली विमानं आभाळात गोलगोल फिरत राहायची. त्यांच्या वैमानिकांनी कारण विचारलं, की खोलीतून एकच ठरलेलं वाक्य जायचं: पुढे गर्दी आहे.

हे सगळं अर्थातच इंग्रजीत. पण खोटेपणा कुठल्याही भाषेत सारखाच, म्हणून आपण आपल्या भाषेत बोलू.

श्यामलाला पट्टी सरकवण्यापेक्षा त्या वाक्याची चीड होती. पट्टी सरकवायला ती नाही म्हणू शकत नसे, कारण हुकूम वरिष्ठांचा. पण बोलणारं तोंड तिचं होतं. तिने पहिल्यांदाच असा हुकूम मिळाला तेव्हा वैमानिकाला सरळ सांगितलं की एका मान्यवराला आधी उतरवत आहोत, म्हणून तुम्ही थांबा. त्यावरून तिला समज मिळाली. दुसऱ्यांदा तिने तेच सांगितलं, तेव्हा तिची बढती अडली. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा वरिष्ठांनी तिच्या पाळीत असले फोन करणंच बंद केलं. खोलीत तिला खडूस म्हणायचे. आभाळात मात्र तिचा आवाज ऐकला की वैमानिक निवांत व्हायचे, कारण ती गर्दी म्हणाली म्हणजे गर्दी असणार. तिचं म्हणणं एवढंच होतं की ढगात असलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही, त्याला फक्त एक आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज एकदा खोटा निघाला की पुढच्या वेळी खरं सांगूनही तो माणूस क्षणभर थांबतो. तो क्षणभर कधी महागात पडेल याचा भरवसा नाही.

गौरांगला तिची गरज दोन कामांसाठी होती. यंत्राची चाचणी घ्यायला त्याला अनुभवी माणूस हवा होता. आणि दुसरं म्हणजे त्याला तिचा आवाज हवा होता. यंत्राला वैमानिकांशी बोलायचं तर कोणाच्या तरी आवाजात बोलणार. मुलाखतीला आलेल्या श्यामलाचा आवाज ऐकून तो म्हणाला होता की ताई, हाच, शांत आणि न संपणारा. मग गंगापूर रोडवरच्या एका ध्वनिमुद्रण खोलीत बसून तिने आकडे वाचले, दिशा वाचल्या, विमान कंपन्यांची नावं वाचली, वाक्यंच्या वाक्यं वाचली. तेवढ्यावरून संगणक तिच्या आवाजात कुठलंही नवं वाक्य तयार करू शकत होता. हे कळताच तिने करारात एक अट घालून घेतली. तिच्या आवाजात कुठल्या प्रसंगी कुठलं वाक्य बोललं जाईल, ते तिने ऐकून हो म्हणायचं. तिने हो म्हटल्याशिवाय ते यंत्रात जाणार नाही. गौरांगने हसत सही केली. त्याला ती म्हाताऱ्या माणसाची हौस वाटली असावी.

यंत्र चांगलं निघालं. अथर्व नावाचा इंजिनिअर आणि त्याची मुलं शेजारच्या खोलीत बसून वैमानिकांची नाटकं करायची, यंत्र त्यांना तिच्या आवाजात उत्तरं द्यायचं, ती मागे बसून चुका काढायची. सुरुवातीला चुका पुष्कळ, मग कमी, मग ती मुद्दाम आभाळ कोंबून भरायची तरी यंत्र डगमगायचं नाही. आपलाच आवाज असा न थकता, न चिडता, कोणाच्या फोनला न घाबरता काम करतोय हे ऐकून तिला खरोखर आनंद व्हायचा. घरी जाऊन ती अण्णांना सांगायची की तुमची दोरी आता आभाळात बांधली जाणार आहे.

देशातल्या एका मोठ्या विमानतळाच्या मंडळींनी यंत्रात रस दाखवला. सगळं जुळत आलं आणि मग त्यांची शेवटची मागणी आली. त्यांना एक बटण हवं होतं. ते दाबलं की हवं ते विमान रांगेत पहिलं यायला पाहिजे होतं. आजारी माणूस, आग, इंधन हे सगळं तर यंत्र आपण होऊन पुढे काढत होतं. वरच्या पदांचा लेखी नियमही त्याला शिकवलेला होता. बटण उरलेल्यांसाठी होतं. ज्यांच्यासाठी कुठलाच नियम नाही, त्यांच्यासाठी.

गौरांगने तिला केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं, तेव्हा तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बटण तयार व्हायला काहीच अडचण नव्हती. मागच्या विमानांना यंत्राने काय सांगायचं, एवढाच प्रश्न होता, आणि गौरांगच्या मते त्याचंही उत्तर तयार होतं. पुढे गर्दी आहे, हे वाक्य तिने कधीच ऐकून मंजूर केलेलं होतं. तेच बटणाला जोडायचं.

"मी ते गर्दीसाठी मंजूर केलंय," श्यामला म्हणाली. "गर्दी असेल तेव्हा खुशाल बोल."

गौरांगने तिला समजावलं. एका वाक्याने विमान पडत नाही, असं तो म्हणाला. सगळीकडे हेच चालतं, वैमानिकांनाही माहीत असतं. शेवटी त्याने खरं ते सांगितलं, की ही ऑर्डर गेली तर कंपनी उन्हाळा काढणार नाही आणि बाहेर जी पोरं काम करताहेत त्यातल्या निम्म्यांना घरी बसावं लागेल. श्यामला दगड नव्हती. अथर्वचं लग्न ठरलेलं तिला माहीत होतं. पण आपला आवाज, आपण मेल्यावरही, देशभरच्या आभाळात माणसांना खोटं सांगत फिरणार, हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिचं अंग जळलं.

"बटणाला माझी हरकत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण वाक्य मी देते." आणि तिने तिथल्या तिथे वाक्य सांगितलं: विलंबाचं कारण, एका मान्यवरांचं विमान आधी उतरवण्यात येत आहे, आदेश अमुक यांचा. अमुकच्या जागी बटण दाबणाऱ्याचं नाव.

गौरांग हसला. त्याला वाटलं ताई चेष्टा करताहेत. श्यामला हसत नव्हती.

त्यानंतर जे झालं त्याला गौरांगची घाई कारणीभूत होती. मंडळी प्रात्यक्षिक बघायला येणार होती, शेडला रंग द्यायचा होता, वातानुकूलन यंत्र गळत होतं. अथर्वने त्याला येऊन विचारलं की बटणाला वाक्य कुठलं लावू, बटणासाठी मंजूर झालेलं एकच आहे, श्यामलाताईंचं. गौरांग फोनवर होता. त्याने फोनवर हात ठेवून सांगितलं की आत्ता तेच असू दे, बटण नुसतं दाखवायचंय, दाबणार कोण आहे, नंतर बदलू. अथर्वने तसं केलं आणि प्रामाणिकपणे श्यामलालाही सांगितलं. श्यामलाने आणखी एकदा गौरांगच्या केबिनमध्ये जाऊन, बटणाला माझं वाक्य लागलंय हे तुला माहीत आहे ना, असं विचारलं. त्याने माहीत आहे म्हणून मान हलवली आणि रंगाऱ्याला हाक मारली.

आता, नवं बटण समोर असताना ते न दाबणारा साहेब कोणी पाहिला असेल तर त्याने मला सांगावं.

मंडळी आली. त्यांचे प्रमुख नाडगौडा साहेब, उंच, गोड बोलणारे, सगळ्यांची नावं विचारणारे. प्रात्यक्षिक सुरेख चाललं होतं. पडद्यावर विमानांची रांग शिस्तीत खाली येत होती, शेजारच्या खोलीतून मुलं वैमानिक होऊन बोलत होती, श्यामलाचा आवाज एकेकाला शांतपणे उत्तरं देत होता. साहेबांनी दोनदा वा म्हटलं. मग गौरांगने बटण दाखवलं, आणि साहेब म्हणाले, बघू तरी. गौरांगचा हात पुढे यायच्या आत त्यांनी रांगेतलं सर्वांत मागचं एक छोटं खासगी विमान निवडलं. यंत्राने विचारलं, आदेश कोणाचा. साहेबांनी कौतुकाने श्रीयुत लावून आपलं नाव टंकलं आणि बटण दाबलं.

छोटं विमान रांगेत पहिलं आलं. बाकीची सगळी वळून गोल फिरायला लागली. आणि श्यामलाच्या शांत, न संपणाऱ्या आवाजात यंत्र त्या फिरणाऱ्यांतल्या पहिल्या विमानाला म्हणालं, "विलंबाचं कारण, एका मान्यवरांचं विमान आधी उतरवण्यात येत आहे. आदेश श्रीयुत नाडगौडा यांचा."

वैमानिकाने नियंत्रकाकडून आलेली सूचना पुन्हा म्हणून दाखवायची, ही त्या धंद्यातली जुनी शिस्त आहे, आणि ती मुलांच्या अंगी श्यामलानेच बाणवली होती. इकडे साहेबांसमोर काय चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती. पहिला मुलगा ठणठणीत आवाजात म्हणाला, समजलं, मान्यवर आधी, आदेश श्रीयुत नाडगौडा यांचा. यंत्र दुसऱ्या विमानाकडे वळलं. दुसऱ्या मुलानेही तेच म्हणून दाखवलं. मग तिसऱ्याने. रांग मोठी होती, कारण प्रात्यक्षिक भव्य दिसावं म्हणून गौरांगनेच आभाळ भरायला सांगितलं होतं. साहेबांचं नाव खोलीत पुन्हा पुन्हा घुमत राहिलं आणि प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर आलेली मंडळी थोडी जास्तच लक्ष देऊन पडद्याकडे बघत राहिली. अथर्वने यंत्र थांबवायला हात नेला आणि श्यामलाकडे पाहून मागे घेतला.

शेवटचं विमान बोलून झाल्यावर साहेबांनी रुमाल काढला. त्यांचा गोडवा गेला होता. हे वाक्य बदलावं लागेल, असं ते गौरांगला म्हणाले. गौरांग लगेच हो म्हणाला. मागच्या खुर्चीवरून श्यामला उठली.

"बदला," ती म्हणाली. "माझ्या आवाजात मात्र बदलता येणार नाही. दुसरा आवाज लागेल." तिने टेबलावरचा माईक उचलला आणि साहेबांसमोर ठेवला. "पुढे गर्दी आहे, एवढंच म्हणायचं. तुम्ही म्हणा साहेब. बटणाला तुमचा आवाज लावू."

साहेबांनी माईककडे पाहिलं. मग गौरांगकडे. गौरांगने अथर्वकडे पाहिलं. अथर्वने खाली मान घातली आणि आपले बूट बघत राहिला. साहेबांच्या मंडळींतला एकजण पडद्याच्या अगदी जवळ जाऊन विमानं न्याहाळायला लागला. तीन शब्दांची गोष्ट होती, लहान पोरालाही म्हणता आली असती. त्या खोलीत इतकी शिकलेली, पदांवरची, रोज भाषणं करणारी माणसं होती, आणि त्यांतल्या एकालाही ते वाक्य स्वतःच्या आवाजात नको होतं. बाईच्या आवाजात मात्र सगळ्यांना चाललं असतं.

बटणाचं आपण नंतर बघू, असं साहेब म्हणाले. चहा न घेता मंडळी गेली.

त्या संध्याकाळी श्यामलाला जेवण गेलं नाही. अण्णांनी दोनदा विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं. मग तिने त्यांना एक प्रश्न विचारला, जो तिने इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. त्या टॉवेलवाल्या साहेबांचं पुढे काय झालं.

"काय व्हायचंय? पुन्हा आले नाहीत," अण्णा म्हणाले. "त्यांचं सगळं खानदान दुसऱ्या गुरुजींकडे जायला लागलं. मोठं घर होतं ते."

वाईट वाटलं का, असं तिने विचारलं. अण्णांनी ताटातली भाकरी मोडली.

"वाटलं ना. पण श्यामे, बंबातलं पाणी गरमच होतं. दुसऱ्याने घेतलं."

दुसऱ्या दिवशी गौरांगने तिला बोलावलं. रात्रभर तो झोपला नसावा. तो आरडाओरडा करेल अशी तिची तयारी होती, पण तो हळू बोलला आणि त्याचंच तिला जास्त लागलं. मंडळींनी नाही म्हटलं नव्हतं, होही म्हटलं नव्हतं. साहेबांनी एवढंच कळवलं होतं की पुढच्या बैठकीला ती बाई नको. तेव्हा ताईंनी राजीनामा द्यावा, असं त्याने सुचवलं. त्याने मसुदाही तयार ठेवला होता: वडिलांच्या प्रकृतीमुळे नोकरी करणं शक्य नाही.

श्यामलाने तो वाचला. "अण्णांची प्रकृती उत्तम आहे. आज सकाळी दीड भाकरी खाल्ली त्यांनी."

मग वैयक्तिक कारण लिहू, असं गौरांग म्हणाला. तिने मान हलवली.

"गौरांग, कंपनी तुझी आहे. तुला मला काढायचं तर काढ, तो तुझा हक्क आहे आणि मी भांडणार नाही. आवाजही काढून टाक, दुसरा घे. पण मी राजीनामा देणार नाही. तू काढ, आणि कारण खरं लिही."

तो संगणकाकडे वळला. त्याने शिस्तभंग असं लिहिलं. कुठली शिस्त मोडली, असं तिने विचारलं. तिने वाक्य आधी सांगितलं होतं, नंतरही येऊन सांगितलं होतं. त्याने ते खोडलं. ग्राहकाशी गैरवर्तन, असं लिहिलं. तिने साहेबांना माईक दिला होता, त्यात गैर काय, हे तिने विचारलं. तेही त्याने खोडलं. बाहेर शेजारच्या कारखान्याच्या प्रेसचे ठोके पडत होते. गौरांगने सावकाश एक ओळ टंकली आणि पडदा तिच्याकडे फिरवला. गर्दी नसताना गर्दी आहे असं सांगायला नकार दिला म्हणून.

"हे बरोबर आहे," श्यामला म्हणाली. "ह्याखाली सही कर आणि दे. मी लगेच जाते."

गौरांगने पेन उचललं. तो कळवणच्या मास्तरांचा मुलगा होता. छापील कागदावर अशा ओळीखाली आपलं नाव कसं दिसेल, हे त्याला बापाच्या डोळ्यांनी दिसलं असावं. त्याने पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. श्यामलाने खुर्ची सरकवली.

"मी माझ्या जागेवर आहे," ती म्हणाली. "सही झाली की आण."

ती चाचणीच्या खोलीत येऊन बसली. अथर्वने तिच्यासमोर चहा ठेवला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, कागद आला नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला स्कूटरला किक मारून अंबडला गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. नवा आवाज शोधायला कंपनीने माणूस पाठवला होता म्हणे. त्याने कोणाकोणाला गाठलं आणि त्यांनी काय विचारलं ते कळलं नाही. आवाज अजून मिळालेला नाही. बटण यंत्रात आहे, त्याला तिचंच वाक्य जोडलेलं आहे, आणि ते दाबायला कोणी येत नाही.

कागदही अजून आलेला नाही. श्यामला रोज जाते, मागच्या खुर्चीवर बसते, चाचण्या घेते. गौरांग जाता-येता तिच्याकडे बघतो, कधी थांबतो, कधी थांबत नाही. शेजारच्या खोलीतली मुलं विमानं उडवत असतात. मध्येच तिचा आवाज कोण्या विमानाला सांगतो, पुढे गर्दी आहे, थांबा. दर वेळी ती हातातलं काम सोडून मान वर करते आणि पडद्यावर बघते. पुढे खरोखरच गर्दी असते. मग ती पुन्हा कामाला लागते.